वर्षाचे वचन आणि बाबेलची बाग

३१ डिसेंबरला रात्री दहाच्या पुढे अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, जालना इथल्या मराठी चर्चमध्ये बाके भरू लागतात. बाहेर फटाक्यांची आणि डीजेची तयारी चाललेली असते, आत साक्षी सुरू असतात. कुणाचे ऑपरेशन पार पडले, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाच्या घरातले माणूस गेले तरी देवाने सावरले. मग गाणी, उपकारस्तुती आणि बाराच्या ठोक्याला गुडघे टेकून प्रार्थना. अलीकडे बऱ्याच मंडळ्यांत यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. वेदीपाशी किंवा दारात एक ताट ठेवलेले असते, त्यात छापील कार्डे, प्रत्येक कार्डावर बायबलमधले एक वचन. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचे वर्षाचे वचन. ते मोबाइलच्या स्टेटसवर चढते, फ्रिजवर चिकटते, पाकिटात जाऊन बसते.

या ताटात यिर्मया २९:११ हटकून असते. देवाच्या मनात आपल्या लोकांविषयी असलेले संकल्प हिताचे आहेत, त्यांना तो आशेचे भविष्य देणार आहे, असा त्याचा आशय. कॅलेंडरवर, कपावर, नव्या घराच्या भिंतीवर, सगळीकडे ते दिसते. वचन सुंदरच आहे. खटकते ती त्यावर चाललेली कात्री.

हे वचन एका पत्रातले आहे आणि पत्राचा पत्ता आनंदाचा नाही. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम काबीज केले आणि राजा, दरबारी, सुतार, लोहार अशा कर्त्या माणसांना कैद करून नेले. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्या बंदिवानांना पत्र धाडले. त्यातला मजकूर साधारण असा: घरे बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा. लग्ने करा, मुलांची लग्ने लावा. ज्या शहरात तुम्हाला ओढून नेले त्याच शहराच्या कल्याणासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. हे सगळे सांगून झाल्यावर मुदत येते, सत्तर वर्षे! आणि त्या सत्तर वर्षांना लागूनच ते प्रसिद्ध अकरावे वचन येते.

म्हणजे हे पत्र ज्यांनी हातात धरून वाचले, त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आशेचे भविष्य त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला येणार होते. त्यांच्या वाट्याला होती परक्या मुलखातली बाग. येत्या बारा महिन्यांत बढती, व्हिसा किंवा फ्लॅटचा ताबा मिळेल असे या वचनातून ज्याला ऐकू येते, त्याने पत्राचा मधलाच तुकडा वाचलेला असतो.

मजा अशी की लवकर सुटकेचे वचन देणारा माणूसही त्या काळी होता. हनन्या त्याचे नाव. दोन वर्षांत सगळे बंदिवान आणि मंदिरातली लुटलेली पात्रे परत येतील, असे त्याने भर मंदिरात जाहीर केले. यिर्मया आपल्या मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. ते हनन्याने लोकांसमक्ष काढून मोडले. टाळ्या कुणाला पडल्या असतील हे सांगायला नको. बाबेलमधूनही एकाने यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र लिहिले: हा यिर्मया आम्हाला इथेच घरे बांधायला सांगतो, याला कुणी आवर का घालत नाही? नव्या वर्षाच्या मंचावरून ‘हे वर्ष दुप्पट आशीर्वादाचे’ अशी घोषणा करणारे पाहुणे वक्ते स्वतःला यिर्मयाच्या परंपरेतले मानतात. प्रत्यक्षात त्यांचा सूर हनन्याशी जास्त जुळतो, आणि हे कुणीतरी त्यांना सांगायला हवे.

ताटातली चिठ्ठी आणि वृत्तपत्रातले वार्षिक राशिभविष्य यांत फरक उरला नाही, तर ख्रिस्ती माणसाने नव्या वर्षाकडे वेगळे काय पाहिले? येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजची. इस्राएली लोकांना रानात मान्ना मिळे तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी दडवून ठेवला की त्यात किडे पडत, फक्त शब्बाथासाठी दुप्पट गोळा करायची मुभा होती. याकोबाच्या पत्रात तर वर्षभराच्या धंद्याचे बेत आखणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्या काय होईल याचा पत्ता नसल्याची आठवण करून दिली आहे. बारा महिन्यांचे आश्वासन एका कार्डात मिळावे ही अपेक्षा या सगळ्याशी फटकून आहे.

चर्चचा इतिहासही वेगळेच सांगतो. एक जानेवारी हा मुळात चर्चचा लाडका दिवस नव्हता. रोमन जगात त्या दिवशी भेटी, मेजवान्या आणि जुगार यांना ऊत येई. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्या दिवशीच्या प्रवचनात लोकांना सांगे की इतर भेटी देतात, तुम्ही गरिबांना दान द्या. इतर पितात, तुम्ही उपास करा. ५६७ मध्ये तूरच्या धर्मसभेने जानेवारीच्या पहिल्या दिवसांत प्रायश्चित्ताच्या प्रार्थना लावून दिल्या. इंग्लंडमध्ये तर १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला, मरीयेला दूताने निरोप दिला त्या सणाला सुरू होत असे. उपासनेच्या पंचांगानुसार वर्ष अजूनही नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक देवळात एक जानेवारीची मिस्सा असते ती देवमाता मरीयेच्या सणाची, आणि १९६८ पासून त्याच दिवशी पोप सहावे पॉल यांनी सुरू केलेला जागतिक शांती दिनही. (आदल्या मध्यरात्री त्याच गावांत पोरे जुन्या वर्षाचा ‘ओल्ड मॅन’ जाळतात आणि त्याच्या नावाने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करतात, तो मामला निराळा. त्यात भविष्यकथनाचा आव तरी नसतो.)

प्रॉटेस्टंटांच्या जागरणाचे मूळ जर्मनीतल्या हेर्नहूट या गावात सापडते. छळामुळे परागंदा झालेल्या मोरेव्हियन लोकांची ती वस्ती. १७३३ पासून तिथे वर्षअखेरीची रात्र जागवण्याची चाल पडली. पुढे जॉन वेस्ली यांनी इंग्लंडमध्ये जागरणाच्या उपासना सुरू केल्या. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे खाणकामगार पूर्वी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढत, ते आता प्रार्थनेत काढू लागले. या उपासना पौर्णिमेच्या आसपास ठेवत, म्हणजे लोकांना चांदण्यात घरी जाता यावे. १७५५ मध्ये वेस्लींनी कराराची उपासना सुरू केली, ती आजही मेथडिस्ट परंपरेत नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. त्यात माणूस देवाकडून काही वसूल करत नाही. काम मिळाले तरी आणि बाजूला बसवले तरी कुरकुर करणार नाही, अशी तयारी तो बोलून दाखवतो.

त्याच हेर्नहूटने जगाला आणखी एक गोष्ट दिली आणि ताटातल्या कार्डांची ती दूरची आजी म्हणता येईल. १७२८ च्या मे महिन्यात काउंट झिंझेनडॉर्फ यांनी संध्याकाळच्या सभेत दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले. सकाळी ते घरोघर जाऊन सांगितले जाऊ लागले. १७३१ पासून त्याचे पुस्तक छापले जाते आणि आज ते पन्नासहून अधिक भाषांत निघते. वचने चिठ्ठ्या टाकूनच निघतात, हेही कबूल केले पाहिजे. पण ती दर दिवसाला एक असतात. नको असलेले वचनही त्यात येते, कठोर येते, न समजणारे येते, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलते. वर्षभर खिशात ठेवण्याजोगे, फक्त गोड तेवढे निवडलेले वचन हा त्या प्रथेचा पुढे झालेला आटोपशीर बाजार आहे.

दिवसापुरते जगणे म्हणजे काय, याचा गेल्या शतकातला सर्वांत ठसठशीत दाखला व्हिएतनाममधला आहे. फ्रान्सिस झेवियर न्गुयेन वान थुआन यांची एप्रिल १९७५ मध्ये सायगॉनचे सहायक आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली आणि काही दिवसांतच शहर कम्युनिस्टांच्या हाती गेले. १५ ऑगस्टला त्यांना अटक झाली. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. पुढची १३ वर्षे कैदेत गेली, त्यांतली नऊ एकांतकोठडीत. खटला नाही, शिक्षा नाही, म्हणून शिक्षेची मुदतही नाही. मोजायला काही नसलेल्या कैद्याला पहिले भूत पछाडते ते वाट पाहण्याचे. थुआन यांना चीनमध्ये बारा वर्षे कैदेत राहिलेले अमेरिकन बिशप वॉल्श आठवले. आपले अर्धे आयुष्य वाट पाहण्यात गेले, असे ते सुटल्यावर म्हणाले होते. थुआन यांनी ठरवले की आपण वाट पाहायची नाही. समोरचा क्षण घ्यायचा आणि तो प्रेमाने काठोकाठ भरायचा.

हे वाक्य भिंतीवर लावण्याजोगे आहे, म्हणूनच त्यांनी पुढे केले काय ते पाहणे बरे. पहाटेच्या मिस्सेहून परतणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलाला त्यांनी हाक मारली आणि आईकडून जुनी कॅलेंडरे मागून आणायला सांगितले. सरलेल्या तारखांच्या पाठकोऱ्या कागदांवर रात्री बसून ते आपल्या लोकांसाठी छोटे छोटे संदेश लिहीत. मुलगा कागद घरी नेई, भावंडे त्यांची नक्कल करत. ‘आशेची वाट’ या अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक असे झाले. नंतर तुरुंगात, पोटाचे औषध म्हणून आलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा करत. पहारेकऱ्यांशी ते बोलत, त्यांना परकी भाषा शिकवत. या बिशपच्या संगतीने बिघडतात म्हणून वरिष्ठांनी पहारेकरी दर पंधरवड्याला बदलायला सुरुवात केली. मग तेही बंद केले, कारण असे तर सगळेच बिघडायचे. १९८८ च्या नोव्हेंबरात सुटका झाली, २००१ मध्ये ते कार्डिनल झाले, २००२ मध्ये वारले.

‘आत्ता आणि इथे’ जगायला शिकवणारी अ‍ॅप आणि शिबिरे आता पैसे मोजून मिळतात. श्वासाकडे लक्ष द्या, मन मोकळे करा, कालचे सोडा. त्याने झोप लागत असेल तर लागू द्यावी. थुआन यांचा वर्तमानकाळ मात्र मोकळा नव्हता, त्यात माणसे होती: बाहेरचे अनाथ झालेले विश्वासी, कागद नेणारे पोर, बंदूक घेतलेला पहारेकरी. ख्रिस्ती विचारातला ‘आज’ हा शेजाऱ्यामुळे भरतो. शेजारी नसेल तर तो नुसता निवांतपणा आहे.

उद्याची काळजी करू नका, हे डोंगरावरच्या प्रवचनातले सांगणेही इतके गोड नाही. ते संपते ते त्या त्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे आहे, या रोखठोक शेऱ्यावर. दुःख नाही असे येशू म्हणत नाही.

डिट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने १९४२ च्या नाताळाला आपल्या काही जवळच्या मित्रांसाठी एक निबंध लिहिला. हिटलर सत्तेवर येऊन दहा वर्षे होत आली होती आणि हे मित्र त्याच्याविरुद्धच्या कटात गुंतलेले होते. निबंधाची एक प्रत बर्लिनमधल्या वडिलांच्या घराच्या छपरात दडवली होती. बेत आखणे अशक्य झाले की माणसांपुढे दोन सोप्या वाटा असतात, असे त्यात त्यांनी म्हटले आहे: हातचा क्षण बेफिकिरीने उडवायचा किंवा चांगल्या दिवसांची स्वप्ने पाहत बसायचे. दोन्ही त्यांनी नाकारल्या. उरते ती चिंचोळी वाट. प्रत्येक दिवस शेवटचा असल्यासारखा घ्यायचा आणि तरीही पुढे मोठे भविष्य असल्यासारखे जबाबदारीने वागायचे, येणाऱ्या पिढीचा विचार करून.

इथे बॉनहोफर पुन्हा यिर्मयाकडेच गेले. शत्रूचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि अशा वेळी तो चुलत भावाकडून अनाथोथचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो. बुडत्या मुलखातली जमीन घेणारा हा माणूस व्यवहारी नव्हता असे वाटेल, पण या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील याची ती खूण होती. बॉनहोफर यांनी तो धडा शब्दशः घेतला. जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायर या तरुणीशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. ५ एप्रिलला त्यांना अटक झाली, ९ एप्रिल १९४५ ला फाशी. लग्न झालेच नाही.

आता एक आक्षेप, आणि तो घरचाच आहे. आजच्या दिवसापुरते जगणारा माणूस घरात असला की त्याच्या उद्याची काळजी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले. हाती पैसा टिकायचा नाही, दारी आलेल्याला नाही म्हणायचे नाही. या कवीच्या वर्तमानकाळाचा हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत हसत मांडला आहे. त्या हसण्यामागे रिकाम्या डब्यांचा खडखडाट आहे, तो मराठी वाचकाने ऐकला नसेल असे नाही. लक्ष्मीबाईंनी उद्याची काळजी केली नसती, तर टिळकांना आजमध्ये राहणे किती दिवस परवडले असते?

तसेच नाक्यावर पहाटे कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुराचे. आजच्या भाकरीपुरते जगणे ही त्याची साधना नाही, सक्ती आहे. त्याला ‘उद्याची चिंता नको’ म्हणणारा पाळक स्वतः पगार आणि भविष्यनिर्वाह निधी घेत असेल, तर त्याने जरा थांबून बोलावे. शुभवर्तमानात मालकाने दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली, ही गोष्ट अशा वेळी जास्त उपयोगी आहे, कारण तिच्यात उपदेश मजुराला नाही, खर्च मालकाला आहे.

केडगावच्या पंडिता रमाबाईंना हे गणित नीट साधले होते. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली होत्या. पैशांसाठी प्रार्थना व्हायची, पण त्याबरोबर विहिरी खणल्या जायच्या, शेती व्हायची, विणकाम आणि छपाई शिकवली जायची. बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत यावे म्हणून त्यांनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि स्वतः भाषांतराला हात घातला. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या आश्रमातल्याच मुली. काम वर्षानुवर्षे चालले. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तिच्याच हाती संस्था सोपवायची होती. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, तेव्हा शेवटची मुद्रिते वाचून झाली होती, असे मुक्तीत सांगतात. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. ते बांधलेल्या स्वरूपात त्यांनी पाहिले नाही.

तेव्हा वर्षअखेरच्या उपासनेतून ताट काढून टाकावे, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. थंडीत मध्यरात्री आलेल्या म्हातारीला हातात काहीतरी घेऊन घरी जावेसे वाटते, त्यात वावगे काय? पण कार्ड वाटण्याआधी यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले चौथ्या ते चौदाव्या वचनापर्यंतचे पत्र पुलपिटवरून सलग वाचावे. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, पाहुण्या वक्त्याच्या प्रस्तावनेपेक्षा कमीच. कार्डांत फक्त आशीर्वादाची वचने न घालता शेजाऱ्याची, दानाची, शत्रूवर प्रेम करण्याचीही घालावीत. ज्याला ते निघेल त्याने ते वर्षभर फ्रिजवर लावून दाखवावे. आणि त्या रात्रीचे दानार्पण ऑगस्टीनच्या सांगण्याप्रमाणे मंडळीच्या बाहेरच्या गरिबांकडे जावे. रंगकाम आणि साउंड सिस्टिमला वर्षाचे इतर रविवार आहेतच.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अनेक मंडळ्यांत प्रार्थना सप्ताह असतो. जगभर पसरलेल्या या प्रथेला चालना मिळाली ती भारतातून, लुधियानातल्या मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये केलेल्या आवाहनातून. त्यातली एक संध्याकाळ आपल्या शहरासाठी राखून ठेवायला हरकत नाही. पाणी किती दिवसांनी येते, सरकारी दवाखान्यात काय मिळत नाही, दफनभूमीचा रस्ता, विधवांच्या पेन्शनचे अडलेले कागद, वस्तीतली दारू. प्रार्थना झाल्यावर पंचकमिटीने वहीत लिहून घ्यावे की यातले कोणते काम कोणी अंगावर घेतले, आणि फेब्रुवारीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर ते पहिले ठेवावे.